सहाव्या सिलिंडरचा प्लग

इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या, पहिल्या बोल्टला पाना लावला, तेवढ्यात आपांनी मडगार्डवर हात ठेवला.

"दत्ता, एक सांग. हे इंजिन परत असंच चालू होईल ना?"

"होईल, आपा."

"असं पटकन म्हणू नकोस. विचार करून सांग."

मी पाना खाली ठेवला. गेली पंचवीस वर्षं मी ट्रकचे टर्बो दुरुस्त करत होतो. जुन्या हायवेवर, करंजाड्याच्या अलीकडे माझं वर्कशॉप. गिऱ्हाईक म्हणजे ट्रान्सपोर्टवाले. इंजिन चालू होईल का, असं मला कुणी या आवाजात विचारलं नव्हतं.

"विचार केला," मी म्हणालो. "चालू होईल. पण उघडल्याशिवाय आत काय आहे ते सांगता येणार नाही."

"हे खरं बोललास," आपा म्हणाल्या आणि हात काढला.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. गाडी सत्तरच्या दशकातली, परदेशी बनावटीची. सहा सिलिंडर एका सरळ रांगेत, त्यामुळे बॉनेट लांबलचक. जुबेदाआपा आणि इक्बालभाईंच्या वडिलांची पनवेलात लाकडाची वखार होती. गाडी त्यांची. लग्नाआधी आपा ती स्वतः चालवत. इक्बालभाई तीस वर्षं आखातात, एका पॉवर स्टेशनमध्ये होते. परत आल्यावर त्यांनी ती गाडी वखारीतून बाहेर काढली, रंग दिला, एसी बसवला आणि घरच्यांना घेऊन लोणावळ्याला निघाले. खंडाळ्याच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. मागचा दुधाचा टँकर हॉर्न वाजवून वाजवून शेवटी पुढे निघून गेला.

"दुधाचा टँकर, दत्ता!" इक्बालभाई मला सांगत होते. "भरलेला!"

दोन गॅरेजवाल्यांनी त्यांना सांगितलं, हे इंजिन काढून टाका, नवं बसवा. इक्बालभाई तयार होते. आपा नव्हत्या. अब्बांचं इंजिन भंगारात जाणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. गाडी दोघांच्या नावावर. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं.

टर्बो म्हणजे काय, ते मी आपांना चहाच्या दोन ग्लासांवर समजावलं होतं. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूर पहिला पंखा फिरवतो. दांडा एकच, म्हणून दुसराही फिरतो आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. इंजिन तेच राहतं.

"म्हणजे जो धूर फुकट जातो, त्याच्याकडून काम करून घ्यायचं," आपा म्हणाल्या.

"बरोबर."

"आणि धोका?"

धोका होता. डिझेल इंजिन मुळातच जास्त दाबासाठी बांधलेलं असतं. पेट्रोलचं तसं नाही. आत दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली, की ठिणगीनंतर पेट्रोल शांतपणे जळत जाण्याऐवजी कुठेतरी कोपऱ्यात आपणहून भडकतं. याला आम्ही नॉकिंग म्हणतो. पिस्टनवर आतून छोटे हातोडे बसतात. थोडा वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडतं. या गाडीचे पिस्टन कुठेच मिळत नव्हते. भोक म्हणजे अब्बांचं इंजिन भंगारात.

म्हणून मी पाच पौंडांच्या वर हवेचा दाब देणार नाही असं ठरवलं. ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या वर हवा असते. इथे पाच. तेवढ्यानेही घाटात फरक पडणार होता.

हेड निघालं. आत सगळं ठीक होतं. सहा सिलिंडरचं हेड लांब असतं, तापून वाकतं. आमचंही थोडं वाकलं होतं, ते मशीनवर सपाट करून आणलं. आतला मूळचा दाब कमी करायला हेडखाली तांब्याचं जाड गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसणारा पत्रा, बनवून घेतलं. पाण्याची, तेलाची भोकं जुन्या गॅस्केटवरून आखून दिली.

धूर टर्बोपर्यंत नेणारे पाइप हरीने बनवले. हरी वेल्डर, उरणकडचा, वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसायचा. पहिला सेट, इंजिन जागेवरच चालवून बघताना, तीन दिवसांत तडकला.

"मी बोललो व्हतो," हरी म्हणाला. "सा पायप एका जागी आवलून बांधलेस. तापले का लांबतान. त्यांना हलाया जागाच नाय, मंग फुटनारच."

"मग कर ना तुझ्या पद्धतीने."

"आता कसा बोललास."

त्याने मध्ये एक सरकता सांधा दिला. तो सेट अजून गाडीला आहे.

टर्बो बसवून रस्त्यावर काढल्यावर पहिल्याच फेरीत गाडी खांदा कॉलनीच्या सिग्नलपुढे बंद पडली. टर्बोने हवा दाबायला सुरुवात केली, की पेट्रोल यायचंच थांबे. अर्धा दिवस शोधण्यात गेला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी टाकी असते, तिला बाहेरची हवा लागायला भोक असतं. पुढून दाबाची हवा आली, की ती पेट्रोल मागे ढकलत होती. त्या टाकीलाही टर्बोचीच हवा जोडली, पंपाचा दाब वाढवला. दोन्हीकडे दाब सारखा झाला आणि गाडी धावू लागली.

आणि काय धावली! इक्बालभाई हायवेवर लहान मुलासारखे हसत होते. परत आल्यावर म्हणाले, "दत्ता, रविवारी आपाला घेऊन घाटात जायचं. जरा दोन पौंड वाढव ना. काय फरक पडतो?"

ट्रकमध्ये दोन पौंडांनी काहीच फरक पडत नाही. मी वाढवले. आपांना सांगितलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. इक्बालभाई चालवत होते, आपा पुढे, मी मागे. खोपोली सोडली, चढ लागला. गाडी तिसऱ्यात झपाझप चढत होती. इक्बालभाई आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवत होते.

शिंग्रोबाच्या देवळाच्या खालच्या वळणावर आपांनी काच खाली केली.

"हा कसला आवाज?"

"कुठला?" इक्बालभाईंनी विचारलं.

"तव्यावर मोहरी तडतडावी तसा."

मी कान दिला. काही नाही. पुढे वाकून काटे बघितले. पाण्याचं तापमान ठीक. तेल ठीक. हवा सात पौंड.

"आपा, सगळं बरोबर आहे," मी म्हणालो.

"मी काटे नाही विचारले. मोहरी तडतडतेय. इक्बाल, गाडी थांबव."

"आपा, वर जाऊन थांबू ना—"

"आत्ता थांबव."

देवळापाशी थांबलो. मला मनातून राग आला होता. त्यांची समजूत काढायची म्हणूनच मी पाना काढला. ठिणगी पाडणारे प्लग एकेक करून काढले, एक ते पाच बघितले. प्लगच्या टोकाचा रंग बघून आत काय चाललंय ते कळतं. बिस्किटासारखा तपकिरी असला की ठीक. पाचही तसेच होते. सहावा प्लग काढताना रुमालातूनही बोट भाजलं.

तो पांढराफटक होता. आणि त्याच्यावर बारीक चंदेरी कण होते, मेंदीच्या हातावर चमकी टाकावी तसे. ते कण पिस्टनचे होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळायला लागलं होतं.

मी तिथेच दगडावर बसलो. आणखी दोन-तीन किलोमीटर चढलो असतो तर भोक पडलं असतं.

"काय झालं?" आपांनी विचारलं.

मी प्लग त्यांच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. दोन पौंडांचंही.

इक्बालभाई मध्ये पडले. "मीच त्याला सांगितलं होतं, आपा."

"तू सांगशीलच. तुला कळत नाही. याला कळतं." त्या माझ्याकडे वळल्या. "इंजिन गेलं का?"

"माहीत नाही. उघडावं लागेल."

"मग उघड. पण आता मला सगळं सांगून कर."

टर्बोची हवा तोडून गाडी हळूहळू उताराने खाली आणली. दुसऱ्या दिवशी हेड पुन्हा उतरवलं. आपा प्लास्टिकच्या खुर्चीवर समोरच बसल्या होत्या. सहाव्या पिस्टनची कड काचकागद घासल्यासारखी खरखरीत झाली होती. बोट फिरवलं. भोक नव्हतं. तडाही नव्हता.

"वाचला," मी म्हणालो. आपा डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या.

कारण गॅस्केटमध्ये सापडलं. सर्वांत मागचं पाण्याचं भोक अर्धं झाकलेलं होतं. जुनं गॅस्केट तिथे दबून पसरलं होतं आणि मी त्याच्यावरूनच आखलं होतं. पाणी पुढून येतं, सहावा सिलिंडर सर्वांत मागे. त्याला अर्धंच पाणी मिळत होतं. तापमानाचा काटा मी पुढे, पहिल्या सिलिंडरजवळ बसवला होता. तो खोटं बोलत नव्हता. पुढे खरंच थंड होतं. त्यात माझे दोन पौंड.

भोक पुरं केलं. कड घासून गुळगुळीत केली. हवा पाच पौंडांवर आणली, ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी लावली. दुसरा काटा मागे बसवला. या कामाचं बिल लावलं नाही, लावायचा प्रश्नच नव्हता.

पंधरा दिवसांनी पुन्हा घाट. या वेळी मी चालवत होतो, आपा शेजारी, इक्बालभाई मागे. चढ लागला तसा मी सवयीने दुसरा गिअर टाकला. आपांनी काच खाली केली होती, मान किंचित बाहेर. शिंग्रोबा मागे पडला.

"काही ऐकू येतंय का, आपा?"

"येतंय ना. इंजिन ओरडतंय. तिसरा टाक की."

मी तिसरा टाकला. गाडीने तो घेतला. पुढे एक मालाचा ट्रक होता, त्याला मागे टाकून आम्ही खंडाळ्याला पोहोचलो. आपांनी मला चिक्कीचं पाकीट घेऊन दिलं, आणि परतताना घाट उतरल्यावर, खोपोलीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर, मला बाजूला बसायला सांगितलं. लायसन आहे का, हे मी विचारलं नाही. इक्बालभाईंनीच ते आपांच्या पर्समधून काढून मला दाखवलं. नुकतंच रिन्यू केलेलं होतं.

त्या पनवेलपर्यंत चालवत आल्या. गाडी आजही चालू आहे.

मी त्यानंतर कान तपासून घेतले. डॉक्टरांनी आलेख दाखवला. बारीक, टिपेचे आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाहीत. ट्रकच्या इंजिनांशेजारी पंचवीस वर्षं काढल्यावर असं होतंच, म्हणाले. इक्बालभाईंचं जनरेटरांमुळे तसंच असणार, पण ते तपासायला तयार नाहीत.

या प्रकारातून मी एवढंच शिकलो: काटा जिथे बसवलाय तिथलंच सांगतो. बाकीच्या ठिकाणासाठी कुणालातरी विचारावं लागतं. पेट्रोल गाडीला टर्बो लावला, की टेस्टला आता मी बायकोला सोबत नेतो. तिला गाड्यांतलं काही कळत नाही. ऐकू मात्र चांगलं येतं.