पायऱ्यांवरची फुलं

माझी मावशी मोठमोठ्या इमारतींसाठी रंगीत काचा कापायची, पण पूर्ण उभं राहिलेलं एकही चित्र तिनं पाहिलं नव्हतं. कारखान्यातलं तिचं टेबल जेमतेम खाटेएवढं. त्यावर एखादी पाकळी, एखादं पान कापायचं, कडा घासायच्या नि तुकडा पुढे सरकवायचा. शिशाच्या पट्ट्यांत ते तुकडे बसून भिंतीएवढं चित्र व्हायचं ते थेट गिऱ्हाइकाच्या घरी. तिथं जायचे फिटर, म्हणजे आमचे काका, मावशीचे यजमान.

काका घरी आले की हात धुवायच्या आधीच सांगत सुटायचे. एका बंगल्याच्या जिन्यात त्यांनी दोन मजले उंच, लाल फुलांचं झाड बसवलं होतं. त्याचं कौतुक तर संपतच नसे. "अगं, दुपारी तुझी फुलं पायऱ्यांवर सांडतात. मालकीणबाई पाय उचलून चालतात, तुडवायला नकोत म्हणून!" मावशी वरवर म्हणायची, "पुरे, भाजी करपतेय." पण दर चार दिवसांनी विषय काढायची तीच.

काका गेले, आणि मावशीनं एकच धोशा लावला. डोळे मिटायच्या आधी ती फुलं पायऱ्यांवर पडलेली बघायची. बंगल्याचं फाटक आमच्यासारख्यांना थोडंच उघडणार! पुढे बंगला विकला गेला आणि तिथं दातांचा दवाखाना निघाला. मावशीचे दात म्हणाल तर अजून अक्रोड फोडतील. तरी गाल धरून, मला ओढत, ती भर दुपारी तिथं हजर.

झाड खरोखर देखणं होतं. मावशी मात्र पायऱ्यांकडेच बघत राहिली. पायऱ्या पांढऱ्याफटक, त्यांच्यावर काहीच नव्हतं.

"इथं ऊन कधी येतं हो?" तिनं बंगल्याच्या जुन्या रखवालदाराला विचारलं.

"ऊन? मागे शेजाऱ्यांची भिंत आहे, आजी. काचेमागे पहिल्यापासून दिवेच आहेत. फिटरनंच लावून दिलेत."

मला काकांचा असा संताप आला! "थापाडे कुठले," मी बोलून गेले.

मावशी खालच्या पायरीवर बसली. आधी हसली, मग तळहातानं डोळे पुसत राहिली. "टेबलावर वाकून माझी मान मोडून यायची, म्हणून सांगायचे गं."

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. मी तिला हात दिला. "बघितलंस ना झाड? चल आता."

"काच मीच कापलेली, तिचं मला काय नवल? मला तुझे काका हवे होते गं, शेजारी उभं राहून सांगायला."