रंगवलेलं जागरण

माझी धाकटी जाऊ थापाड्यांची तोंडं रंगवायची. तिच्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की मी हे असंच सांगायचे, आणि ती डोळे वटारून म्हणायची, ताई, नीट सांगा ना. आता यात नीट काय सांगायचं? बातम्यांच्या चॅनलवर रोज संध्याकाळी चर्चा असते, चर्चेला येणाऱ्यांच्या तोंडाला पावडर लागते, ती लावायला ही. घरात ती धाकटी, तिकडे तिचं नाव मेकअप. मेकअपला बोलवा, असं कुणी ओरडलं की ही आपला डबा घेऊन पळायची. इतकी वर्षं राबली, पण या बाईला आईबापांनी ठेवलेलं एक नाव आहे, हे त्या सगळ्या इमारतीत फक्त दारावरच्या पहारेकऱ्याला माहीत होतं.

कामाला मात्र वाघीण. स्टुडिओतले दिवे फार वाईट, त्यांच्याखाली धडधाकट माणूससुद्धा आठवड्याचा आजारी दिसतो, असं ती सांगायची. म्हणून तिचा एक नियम होता. तिच्या खुर्चीतून उठलेलं माणूस दमलेलं दिसता कामा नये. डोळ्यांखालचा काळेपणा झाकायचा, ओठांना जरा जीव आणायचा, गालांवरून स्पंज फिरवायचा. समोर कोण बसलंय, कशाला आलंय, तिकडे जाऊन काय दिवे लावणार आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसायचं. चेहरा पुढ्यात आला की तिचे हात आपोआप चालायला लागायचे.

या नियमाला अपवाद एकच, सरकारचा प्रवक्ता. साथ सुरू झाली, सगळे दाराला कड्या लावून घरात बसले, आणि हा गडी रोज संध्याकाळी चॅनलवर येऊन सगळं कसं आटोक्यात आहे ते सांगायला लागला. पहिल्याच आठवड्यात त्यानं आरशात स्वतःला निरखून धाकटीला सांगितलं, डोळ्यांखाली थोडं काळं कर, दमलेला दिसलो की लोकांना बरं वाटतं. दुपारी जेवून ताणून देऊन यायचा मेला. गालावर उशीची घडी उमटलेली असायची. धाकटी आधी ती घडी झाकायची, आणि मग तपकिरी रंग करंगळीवर घेऊन त्याच्या डोळ्यांखाली जागरण काढायची. काढायचीही अशी झकास, की बघणाऱ्याचा जीव कळवळावा. आमच्या शेजारच्या काकू तर म्हणायच्या, बिचाऱ्याला घरी कुणी झोपू देत नाही का हो?

धाकटीनं हे जेवताना सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त हसले ते सासरे. ते बसचे चालक, जन्मभर रात्रपाळ्या केलेले. म्हणाले, त्याला म्हणावं, चार दिवस माझी पाळी कर, रंगाचा खर्च वाचेल. मग त्यांना हसता हसता खोकला आला. तो साधाच खोकला होता, पाणी प्यायले आणि थांबला.

पुढचा थांबला नाही. साथ आमच्या गल्लीत आली ती आमच्या घरात आधी शिरली. सासूबाई त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. आम्ही दोघी जावा आणि आमचे नवरे तापानं आडवे, त्यामुळे त्या एकट्याच. सासरे स्वतःच्या पायांनी चालत आत गेले. खाट नव्हती. व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची दिली आणि सांगितलं, बसा, बोलावतो. सकाळचे बसलेले ते दुपारपर्यंत बसूनच होते. सासूबाई त्यांना एक्सरेच्या पाकिटानं वारा घालत होत्या. ते मधूनमधून बोलत होते, घरातल्या मागच्या नळाची चकती बदलायची राहिली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग बोलायचे थांबले. तेव्हा कुठे आतून माणूस आला, त्यानं नाडी पाहिली, आणि कागदावर लिहिलं, दवाखान्यात आणण्यापूर्वीच मृत.

सासूबाई ते वाचून रडल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. हे चालत आत आले होते. कुणीही भेटायला आलं, की त्या एवढंच सांगायच्या. जणू तो कागद म्हणजे त्यांच्या माणसावर घेतलेला आळ होता, वाटेत कुठेतरी मेला आणि उगाच सरकारच्या दारात आणून टाकला असा.

साथ ओसरली आणि चर्चेला ऊत आला. सरकारनं साथ नीट हाताळली की नाही? रोज हाच विषय, रोज तीच टाळकी. ज्यांनी साथीत दाराबाहेर नाक काढलं नव्हतं ते आता दवाखान्यांच्या गोष्टी सांगत होते. प्रवक्ता म्हणायचा, आमच्याकडे खाटेवाचून एकही माणूस दगावला नाही. विरोधातला म्हणायचा, हजारो दगावले, आणि असं म्हणताना खूश दिसायचा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ही, फक्त एक उजव्या हातानं खायचा आणि एक डाव्या. धाकटी सांगायची, मेकअपच्या खोलीत दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या मुलांच्या परीक्षा विचारतात, चहा अर्धा अर्धा घेतात, आणि बाहेर जाऊन एकमेकांच्या उरावर बसतात.

एका संध्याकाळी सासूबाई टीव्हीसमोर भाजी निवडत बसल्या होत्या. प्रवक्ता पुन्हा तेच म्हणाला, एकही माणूस नाही. सासूबाईंनी ताट खाली ठेवलं आणि धाकटीला म्हणाल्या, मला याच्यासमोर बसव. मला फक्त एवढंच सांगायचंय, की हे चालत आत आले होते. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे.

धाकटीनं चॅनलवर हातापाया पडून जागा मिळवली. हातापाया पडायची खरं तर काही गरज नव्हती. रडणारी म्हातारी म्हटल्यावर निवेदक टुणकन उडालाच असेल. त्यानं धाकटीला विचारलंसुद्धा, त्या रडतात ना नक्की?

मी सोबत गेले. मेकअपची खोली म्हणजे एक आरसा, त्याच्याभोवती दिवे, दोन खुर्च्या. एका खुर्चीत प्रवक्ता, गळ्याशी कागदी रुमाल खोचून, मोबाइल बघत. धाकटीनं त्याचं जागरण काढून दिलं आणि तो आम्हांला मान लववून बाहेर गेला. मग सासूबाई बसल्या. धाकटीनं त्यांची हनुवटी वर केली. किती हळुवार हात तिचा! सासरे गेल्यापासून सासूबाईंना धड झोप नव्हती, डोळ्यांखाली नुसता अंधार साचला होता. धाकटीनं तो झाकला. ओठांवर फिकट रंग, गालांना जराशी ऊब आल्यासारखी लाली. केस नीट बसवले. माझी सासू तिथून उठली ती नातवाच्या बारशाला निघाल्यासारखी दिसत होती. धाकटीचे डोळे भरून आले. म्हणाली, आई, किती छान दिसताय. आणि मीही म्हटलं, हो, छान.

आम्हां तिघींपैकी एकीच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही.

चर्चा सुरू झाली. मी आणि धाकटी कॅमेऱ्यांच्या मागे, केबलींच्या जंजाळात उभ्या. निवेदकानं आवाज ओला करून सासूबाईंची ओळख करून दिली. त्या हात गुडघ्यांवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी सांगायला सुरुवात केली. दवाखाना, व्हरांडा, खुर्ची. रडल्या नाहीत, त्या मुळात रडणाऱ्यांतल्या नव्हेतच. निवेदक मान पुढे काढून वाट बघत होता, आणि अश्रू येत नाहीत म्हणून त्याची मान हळूहळू मागे जात होती. हे चालत आत, एवढंच त्या म्हणाल्या आणि प्रवक्त्यानं हात जोडले.

म्हणाला, या मला आईसारख्या आहेत, यांच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. आणि मग बोलला.

"प्रेक्षकांनी फक्त यांच्याकडे बघावं. किती टवटवीत दिसतात, देवाची कृपा आहे. ज्या घरावर असा प्रसंग येतो त्या घरातलं माणूस असं दिसतं का, ते तुम्हीच ठरवा. यांना कुणी पढवून आणलंय ते मी विचारत नाही. पण माझ्याकडेही बघा. साथ सुरू झाल्यापासून हा माणूस धड झोपलेला नाही."

असं म्हणून त्यानं स्वतःच्या डोळ्यांखाली बोट लावलं. हलकेच लावलं, रंग पुसला जाऊ नये म्हणून.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. विरोधातल्याकडे बघितलं, म्हटलं, आता तरी हा तोंड उघडेल. तो कागद चाळत होता, त्याला फक्त त्याची पाळी कधी येते याची फिकीर. भाजीवाल्यानं फसवून गळ्यात मारलेल्या भाजीकडे बघावं तसं निवेदकानं सासूबाईंकडे पाहिलं, आणि जाहिराती लावल्या.

धाकटी माझ्या शेजारी नुसती उभी होती. तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. एका हातानं तिनं एक चेहरा दमवला होता आणि त्याच हातानं दुसरा ताजा केला होता, आणि दोन्ही चेहरे आता देशभर शेजारी शेजारी दिसत होते. मेकअप, मेकअप, असं कुणीतरी ओरडलं. जाहिराती चालू असताना सगळ्यांच्या तोंडावरून पावडरीचा हात फिरवायचा असतो. ती डबा घेऊन धावली ती आधी सासूबाईंकडे. कापूस ओला केला आणि त्यांच्या डोळ्यांखाली न्यायला लागली.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"माझं राहू दे, पोरी. आता पुसलंस तर म्हणतील, दाखवायला पुसलं. त्याचं पूस."

धाकटी त्याच्याकडे गेली. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, नेहमीसारखा. ती म्हणाली, साहेब, डोळे मिटा, आणि त्यानं मिटले. मेकअपच्या तोंडाकडे कोण बघतो? तिनं ओला कापूस सफाईनं फिरवला, वर पावडर मारली, आणि मागे सरली. जागरण कापसावर आलं. तिनं तो कापूस मुठीत दाबून धरला.

चर्चा पुन्हा सुरू झाली. समोरच्या पडद्यावर प्रवक्त्याचा चेहरा उजळला, नुकती अंघोळ करून गादीवर लोळून आल्यासारखा. त्याला बापड्याला काय पत्ता? तोच धागा पकडून तो बोलायला लागला, या देशासाठी मी रात्रीचा दिवस केलाय. निवेदक अडखळला. एकदा पडद्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, जाहिरातीत झोप झाली वाटतं तुमची."

आधी कॅमेरावाला हसला. मग आतल्या काचेमागची मंडळी. विरोधातला तर टेबलावर हात आपटून हसला, जणू विनोद त्यानंच केला होता. प्रवक्ता पडद्याकडे वळला आणि त्याचं बोट आपोआप डोळ्यांखाली गेलं. त्या हशातच सासूबाईंनी पुढचं सांगितलं. सांगितलं म्हणजे पुरतं सांगितलं. हे चालत आत आले होते, सकाळपासून खुर्चीत बसले होते, माझ्याशी नळाबद्दल बोलत होते, आणि त्या खुर्चीतच गेले, तुमच्या दारात, तुमच्या छपराखाली. एकदाही आवाज चढवला नाही. मी ऐकलं, धाकटीनं ऐकलं. बाकीचे अजून हसत होते.

धाकटीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. तिला तिथून कुणी काढलं, तर निवेदकानं, आणि कारण काय सांगितलं, तर विश्वासघात. ज्या खोलीत रोज जागरणं रंगवली जात होती त्या खोलीत विश्वासघात झाला म्हणे. नवा मेकअप लगेच मिळाला. चार दिवसांनी प्रवक्ता पुन्हा टीव्हीवर दिसला, डोळ्यांखाली काळा. हात नवखा होता, रंग जरा जास्तच झाला होता, कुणीतरी ठोसे मारल्यासारखा. धाकटी हल्ली एका पार्लरमध्ये केस कापते. चेहऱ्याचं काम आलं की दुसरीला पुढे करते.

आणि सासूबाई? सासूबाई प्रसिद्ध झाल्या. तो तुकडा मोबाइलवरून गावभर फिरला. प्रवक्त्याचा टवटवीत चेहरा, सासूबाईंचं ते एक वाक्य, आणि हशा. बस, तिथंच कापलेला. पुढचं कुणी ठेवलंच नव्हतं. सरकारचा राग असलेल्यांनी तो फिरवला, आणि नसलेल्यांनीही फिरवला, कारण हसायला कुणाला काय जातं?

लोक घरी यायला लागले. आजी, काय जिरवलीत हो, असं म्हणत यायचे. शेजारच्या काकू सगळ्यांत पुढे, ज्यांना त्याची झोप होत नाही म्हणून काळजी होती त्याच. सासूबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. मला आत येऊन म्हणाल्या, यांच्याबद्दलचं कुणीच ऐकलं नाही गं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांची जेवायची खुर्ची बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. जो कुणी यायचा आणि म्हणायचा, आजी, ते झोपेचं एकदा म्हणून दाखवा ना, त्याला त्या खुर्चीवर बसवायच्या. आणि आधी व्हरांडा सांगायच्या. सकाळपासून सांगायच्या, सावकाश, एक्सरेचं पाकीट, नळ, नाडी, कागद. माणूस चुळबुळ करायचा, घड्याळाकडे बघायचा. हात धरून बसवून ठेवायच्या. सगळं संपलं की विचारायच्या, हं, आता ते झोपेचं म्हणू का?

आता आमच्याकडे कुणी येत नाही. खुर्ची अजून बाहेरच्या खोलीतच आहे.