हाकेची खाडी

डोंबिवलीजवळ आमच्या गावापाशी खाडी एका ठिकाणी इतकी निमुळती होते, की ओहोटीला या काठावरची हाक त्या काठावर ऐकू जाते. म्हणून ती हाकेची खाडी. नकाशात हे नाव सापडायचं नाही. सोसायटीतले एक अभ्यासू काका त्याचा संबंध कुठल्याशा राजाच्या हाकाऱ्यांशी जोडतात. जोडोत बापडे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "राजा कशाला येतोय चिखलात? आम्हीच वरडायचो."

आई अल्याडची. तिची थोरली बहीण, माझी मावशी, लग्न होऊन पल्याड गेलेली. पाणी ओसरलं की दोघी आपापल्या काठावर येऊन उभ्या राहायच्या. माझा दहावीचा निकाल आईनं असा ओरडून सांगितला, की माझे गणिताचे मार्क दोन्ही गावांना कळले. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज तो आवाज एकदा ऐकायला मिळाला तर काय हवं ते देईन.

एक रीत मात्र होती. मरणाची बातमी हाकेनं द्यायची नाही. होडीत बसायचं आणि गप्प जायचं. हाक न देता होडी निघालेली दिसली, की पलीकडच्या बायका हातातलं काम टाकून काठावर यायच्या. होडीत कोण बसलंय ते पाहिलं, की कोण गेलं तेही त्यांना कळायचं. होडी टेकायच्या आधीच रडणं सुरू व्हायचं.

आई गेली ती सकाळी. होडी केव्हाच बंद झालेली, आता पूल आहे. मावशीला फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून रिक्षा केली. डोळे पुसून होईपर्यंत पल्याड पोचलेसुद्धा.

मावशी ओट्यावर सुकट निवडत होती. पूल झाल्यापासून मी अशी मधूनच जाते, कधी मासळी आणायला, कधी उगीच. मला पाहून ती हसली.

"आयलीस गो? बस, चाय ठेवते," म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठली. मग माझ्या मागं रिक्षाकडे पाहत म्हणाली, "आयला नाय आनलीस?"

आमच्यात हे तोंडानं सांगायची वेळ कधी कुणावर आलीच नव्हती. कसं सांगतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.