इंगेलिसेची माघार

आमची इंगेलिसे दुधाचा टँकर चालवते. साठी कधीच ओलांडलीय, पण इतकी खमकी बाई डेन्मार्कच्या अख्ख्या जटलंड भागात शोधून दाखवा. संगणकावरच्या खेळात राक्षसांशी लढणारं आमचं एक मंडळ आहे, त्याची ती सेनापती. हो, मंडळच. आमच्याकडे चार डोकी एकत्र खेळायला लागली की अध्यक्ष निवडतात, वर्गणी ठरते आणि भांडणसुद्धा विषयपत्रिकेवर घेतात.

यंदाचा विषय होता इंगेलिसेची माघार. काळ्या पुलावर लढाई ऐन रंगात आलेली असताना तिने सगळ्यांना मागे बोलावलं. माणसं वाचली, पण हिवाळाभर खपून मिळवलेला किल्ला गेला. सुतारकाम करणाऱ्या फ्रोडेने तिला काढून टाकायचा ठरावच आणला. गावच्या सभागृहात कॉफी पीत पीत भरपूर वाद झाला. कोणी तिला भित्री म्हणालं, कोणी शहाणी. मीही तिच्या बाजूने तावातावाने बोललो. ती मात्र निवांत केक खात होती.

"पळालीस तू," फ्रोडे म्हणाला. "अजून थोडं थांबलो असतो तर पूल आपला होता."

"बरं. रविवारी परत त्याच पुलावर जाऊ," ती म्हणाली. "सेनापती तू, मी शिपाई. मतदान त्यानंतर."

या खेळात मेलेला योद्धा परत मिळत नाही. नव्याने सुरुवात करायची, लाकडी सोट्यापासून. आणि तिने आपल्या योद्ध्याला, एस्किलला, इतकी वर्षं जपलं होतं, की त्याच्या ढालीवरचा एकेक ओरखडा तिला पाठ होता.

रविवारी दुपारी आम्ही आपापले संगणक घेऊन सभागृहात जमलो. फ्रोडेने एस्किलला पुलाच्या तोंडाशी उभं केलं. राक्षस आले, मागोमाग त्यांचा ड्रॅगनही आला. आता बोलाव रे बाबा मागे, असं मी पुटपुटत होतो. फ्रोडे "अजून थोडं थांबा" म्हणत राहिला. इंगेलिसेला पळता आलं असतं, पण हुकूम नव्हता, म्हणून ती जागची हलली नाही.

शेवटी फ्रोडेचा आवाज चिरकला. "मागे. सगळे मागे या."

आम्ही कसेबसे निसटलो. पूल कोसळला आणि त्याच्याबरोबर एस्किलही गेला.

इंगेलिसेचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. तिने खुर्ची फ्रोडेकडे वळवली.

"मी माघार घेतली तेव्हा किती मेले होते?"

"एकही नाही," तो म्हणाला.

"मग घ्या मतदान."

ठराव पडला. विरोधात पहिला हात वर गेला तो फ्रोडेचाच.

पुढची लढाई दुसऱ्या एका पुलावर होती. तिथे आमची सेनापती फाटका अंगरखा आणि लाकडी सोटा घेऊन उतरली. हुकूम मात्र पहिल्यासारखेच सोडत होती. कोणी न सांगता फ्रोडे आपली भलीमोठी ढाल घेऊन तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"जरा बाजूला सरक," ती म्हणाली. "मला पूल दिसत नाहीये."