टक्स घातलेलं शीड

पंचफुलाबाईंनी नवऱ्याला नावेतून हाकलून दिलं आणि तो बिचारा आता गोदावरीच्या काठावर तंबू ठोकून राहतो, ही बातमी उमरीत पहिल्यांदा कोणी आणली ते मला ठाऊक आहे. नाव मात्र सांगणार नाही, शेषेरावाला उगाच वाईट वाटेल. बाजारापर्यंत जाता जाता बातमीला पाय फुटले. कोणी म्हणालं, घोरतो म्हणून हाकललं. कोणी म्हणालं, छे, बाईला नावेचा गर्व चढला. चाकूरच्या एका पाहुण्यानं ना नाव पाहिली होती ना नवरा, पण त्यानं शपथेवर सांगितलं, की बाई रोज सकाळी नावेतून भाकरी फेकतात आणि नवरा काठावर ती झेलतो.

आता मुळापासून सांगतो.

आनंदराज एसटीच्या वर्कशॉपात सीटा शिवायचा. एकतीस वर्षं. त्याच्या सीटेवर सुरकुती दाखवा आणि चहा घ्या, असा त्याचा दरारा. पंचफुलाबाई घरी ब्लाऊज शिवायच्या, आणि त्यांचं नाव त्याच्याहून मोठं. लग्नसराईत नांदेडच्या बायका गाडीत बसून उमरीला माप द्यायला यायच्या, आता बोला! एका घरात दोन मशीन आणि दोन मतं. तो म्हणे, कापड ताणून बसवावं. त्या म्हणत, कापडाला जरा जीव द्यावा. यावरून जेवणं थंड झालेली मी पाहिली आहेत.

रिटायर झालेली माणसं शेळ्या पाळतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. आनंदराजनं मोबाइल हातात घेतला. कुठल्याशा गोऱ्या कुटुंबाचे व्हिडिओ: नवरा, बायको, दोन पोरं आणि एक मांजर, सगळी शिडाच्या नावेत राहतात, तिथंच रांधतात, वारा नेईल तिकडं जातात. सहा महिने त्यानं ते पाहिलं. सातव्या महिन्यात नांदेडच्या वरच्या अंगाला, बंधाऱ्याचं पाणी लांबवर फुगून पसरलंय तिथं, काठावर प्लायवूडचा ढीग पडला.

दीड वर्षात नाव उभी राहिली. आत दोन बाकं (रेक्झिन अर्थातच बिनसुरकुतीचं), एक शेगडी, समोर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘नांदेड – थडीवाडी’, आणि ओढायला दोरीची घंटी. एका बाजूला ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असंही लिहिलं होतं. बाण थेट पाण्याकडे.

"पंचफुला, आपण हितंच राहू," आनंदराज म्हणाला. "घराला कुलूप. आज ह्या गावाला, उद्या त्या."

बाईंना पोहता येत नव्हतं. भांडायचा कंटाळा होता म्हणून त्यांनी पैजच लावली. "भीमाच्या गावाला चला. निस्त्या वाऱ्यावर. बांबू टेकायचा न्हाई, वल्हं मारायचं न्हाई. दिवस बुडायच्या आत थडीवाडीच्या घाटाला नाव लागली, तर मी कुलूप लावून येते. न्हाई लागली तर फळ्या भीमाच्या शेळ्यांच्या खोपटाला."

भीमा म्हणजे बाईंची धाकटी बहीण. शेळ्या चौदा. आणि आनंदराजला ठाऊक होतं, की बायको बोलली म्हणजे बोलली. फळ्या खरोखर गेल्या असत्या.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी निघाले. पोरगी लुंबिनी लातूरला दवाखान्यात नर्स आहे, ती चार नारिंगी लाइफजॅकेट घेऊन आली. चौथं शेजारच्या शेषेरावाला. त्याला बाईंनी पंच नेमला होता, कारण त्यानं पाहिलेलं सगळ्या तालुक्याला आपोआप कळतं.

आनंदराजनं घंटी दोनदा वाजवली आणि शीड वर चढवलं. काय शीड होतं! एसटीच्या ताडपत्रीच्या जातीचं कापड, नगाऱ्यासारखं ताणलेलं, वर टिचकी मारली तर वाजावं. वारा उत्तरेकडून आडवा. नाव पुढं जायचं सोडून खेकड्यासारखी कडेकडेनं सरकायला लागली. दुपारचे बारा वाजले तरी निघाल्या जागेवरचा म्हसोबा दिसतच होता. म्हशी पोहत पुढं निघून गेल्या. एकीनं तर वळून पाहिलं, असं शेषेराव सांगतो.

पंचफुलाबाई सुपारी कातरत खुशीत बसल्या होत्या. मग त्यांची नजर शिडावर गेली. एकदा. दोनदा. सुपारी थांबली.

"काय ओ, लुंबिनीचे पप्पा, हे काय शिवलंय?"

"शीड हाय."

"शीड कशाचं, सीटकव्हर हाय हे!"

"एकतीस वर्षांत माझ्या शिलाईला कुणी—"

"एकतीस वर्षं मान्सं बसली त्याच्यावर. वाऱ्याला बसायचं न्हाई, भरायचं हाय. ब्लाऊजाला चिमटा धरून टक्स काहून घालतेत? अंगाला जागा पाहिजे म्हणून. वाऱ्याला बी अंग असतंय की! काठाला घ्या. दाभण कुठाय?"

शेषेराव ताडकन उठला, म्हणून नाव हलली, म्हणून तो ताडकन बसला. "वहिनी, शुद्धीवर हाव का? हे चाललं तर तुमीच हरताव! घराला कुलूप लागंल!"

"भाऊजी," बाई दाभणात दोरा ओवत म्हणाल्या, "खोटी शिलाई डोळ्यापुढं फडफडून राहिली, आन म्या सुपारी खात बसू?"

सरकत सरकत नाव काठाला टेकलीच होती. बाभळीखाली शीड पसरलं. बाईंनी डोलकाठीकडच्या कडेला चार आणि खालच्या कडेला दोन टक्स घातले, लुंबिनीनं दुसऱ्या बाजूनं दाभण ओढलं. आनंदराज पाठ करून बसला होता. वर्कशॉपच्या माणसाला आपल्या कापडावर सुरकुती घातलेली बघवत नाही.

तीन वाजता शीड पुन्हा चढलं. वारा आला, कापडात शिरला आणि शिडाला असं गोल पोट सुटलं, की लुंबिनी ओरडली, "आई गं, फिटिंग!" आणि नाव सुटली.

सुटली म्हणजे काय, शेषेराव बाकावरून घसरून थेट शेगडीपाशी गेला. लुंबिनी मोबाइलमधून वाचून दाखवत होती: "नाव कलली, की सगळ्यांनी वरच्या बाजूला बसावं!" पण वरची बाजू कोणती यावरच वाद. आनंदराजचं डोकं एव्हाना नावेबाहेर होतं; सकाळचे पोहे गोदावरीला अर्पण होत होते. मग सुकाणू कोणी धरायचं? पंचफुलाबाईंनी धरलं. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात घंटीची दोरी, पदर मागं फडफडतोय. "सरका ओ म्हशीवाले! सरका!" आधी त्या किंचाळत होत्या. मग किंचाळणं आणि हसणं एक झालं. मग नुसतं हसणं. अठ्ठावन्न वर्षांची बाई अशी हसताना काठावरच्या कापूस वेचणाऱ्या बायकांनी पाहिली आणि त्याही कारण नसताना हसायला लागल्या.

थडीवाडीचा घाट आला. आणि गेला.

"पप्पा, थांबवायचं कसं?"

"त्यो व्हिडिओ म्या अजून बघितला न्हाई," पाण्याकडून आवाज आला.

वळून परत आले. पुन्हा घाट निसटला. भीमाबाई पायरीवर धुणं हातात धरून बघत होत्या. "अक्का, पाहुणी आलीस का गस्त घालून राहिलीस?"

दिवस बाभळींच्या मागं टेकला होता. तिसरी फेरी. एवढी चुकली असती तर पैज बाईंची होती. घर, मशीन, उमरी, सगळं जागच्या जागी. शेषेरावनं सुकाणूकडं पाहिलं. बाईंनी शिडाकडं पाहिलं. आनंदराजनं डोकं वर काढलं, पण बायकोकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही.

"लुंबिनी, शिडाची दोरी सोड!" बाई ओरडल्या. "लई घट्ट झालं की हूक काढतेत! सोड!"

दोरी सुटली, शिडाचं पोट गेलं आणि नाव हळूच येऊन घाटाला टेकली. भीमाबाईंच्या धुण्यावरच टेकली, पण टेकली. शेषेरावनं पश्चिमेकडं हात करून जाहीर केलं, "दिवस हाय! वहिनी हरल्या!"

वहिनी इतक्या आनंदानं हरलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात उमरीच्या घराला कुलूप लागलं. हाताची मशीन नावेत आली. आता पंचफुलाबाई गावोगावच्या घाटांना लागतात, घंटी दोनदा वाजवतात आणि बायका ब्लाऊजपीस घेऊन खाली येतात. सुट्टीत लुंबिनी येते, तेव्हा दोघी मायलेकी पाण्यावर भाकरी थापतात. नाव डुलते, भाकरी लांबट होते, चवीत फरक नाही. आनंदराज मोपेडवर काठाकाठानं मागं येतो. दुपारी दोघं घाटावर बसून जेवतात. शीड फाटलं तर तोच शिवतो, टक्ससकट. बाई एकदा त्याला म्हणाल्या, "नाव विकून टाकू का?" तो म्हणाला, "खुळी हाईस का?"

आणि तंबूचं म्हणाल, तर त्याला कोणी हाकललेलं नाही. आनंदराजला पाण्यावर मळमळतं. आठ दिवस त्यानं नावेत राहून पाहिलं, आठही दिवस अन्न पोटात टिकलं नाही. म्हणून तो काठावर झोपतो.