सतरा सप्टेंबरची चौकट

शिवलकरकाकांचं नाव आधी लिहितो. आमच्या प्रेसचे ते फोरमन, राहणारे मिऱ्याचे. ते मध्ये पडले नसते तर मी आज रत्नागिरीत खिळे जुळवत बसलो नसतो. कुठे असतो, हा विचार अजूनही नको वाटतो.

त्या दुपारी जेवणं आटोपली होती, पान मशीनवर चढायला तयार होतं, आणि माझ्या हातातून सतरा सप्टेंबर निसटून फरशीवर सांडला.

हे नीट सांगायला हवं. आमचं सायंदैनिक खिळ्यांवर छापतात. खिळा म्हणजे शिशाचा, एकेका अक्षराचा ठसा. खिळे एकेक उचलून हातातल्या पट्टीत, म्हणजे स्टिकमध्ये, ओळ करायची, ओळींचं पान करायचं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ‘दिनविशेष’ची चौकट असते. आजच्या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, ते त्यात येतं. तारीख दरवर्षी तीच आणि घडलेलंही तेच. म्हणून आमच्या मालकांनी, संपादकही तेच, एक युक्ती काढली होती. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. जुने झिजलेले खिळे वेगळे काढून त्यांनी प्रत्येक तारखेची चौकट एकदाच जुळवून घेतली होती. ती दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायची. दिवस आला की उचलून पानात बसवायची. एकदा प्रूफ तपासलेलं असल्यामुळे पुन्हा कुणी वाचत नसे. गाठ घट्ट राहावी म्हणून दोऱ्याला खळ लावायची आमच्याकडे रीत. खळ पिठाची असते, आणि प्रेसमधल्या उंदरांना पीठ आवडतं.

मी परभणीकडचा. भावजी एसटीत ड्रायव्हर, त्यांना रत्नागिरी डेपो मिळाला तेव्हा सातवी सोडून त्यांच्यामागे आलो. पुढे त्यांची बदली परत तिकडे झाली. मी राहिलो, कारण गावात हाताला काम नव्हतं. अण्णांनी मला प्रेसच्या माळ्यावर झोपायला जागा दिली होती. “दिवाळीपर्यंत बघू. हात बसला तर कायम करू,” असं ते म्हणाले होते. म्हणजे नोकरी गेली तर माळाही गेला.

सतरा सप्टेंबर आमच्या परभणीकडे मोठा दिवस. शाळेपुढे झेंडा लावतात. मूग-उडीद निघालेले असतात, ज्वारी डोक्याएवढी उभी असते. इथे त्या दिवशी काहीच नसतं. पाऊस असतो, आणि दोन्ही वेळा भात. म्हणून सकाळपासून मनात एकच होतं, की चौकटीत आमचा दिवस असेल का? फळीवरून चौकट उचलली, उलटी अक्षरं वाचायला लागलो, पहिली ओळ अमेरिकेची निघाली. तेवढ्यात कुरतडलेला दोरा सुटला.

“मेल्या!” काका ओरडले. मग फरशीकडे बघून म्हणाले, “हात नको लावू. ते आता आठ दिवस निवडायचं काम. आत काय होतं?”

“पहिली ओळ अमेरिकेची होती, काका. पुढचं वाचलं नाही.”

“गेल्या वर्षीच्या अंकात बघू.”

जुन्या अंकांची फाइल अण्णांच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली अण्णांच्या जानव्याला बांधलेली. आणि अण्णा चिपळूणला एका कामाला गेलेले.

लांज्याची गाडी अंकांचा गठ्ठा घेऊन जाते. गाडी चुकली की तिकडचे विक्रेते अंक परत करतात. पानात मात्र तळहाताएवढं भोक होतं.

“एवढं जग झालं, आणि सतरा तारखेला काय घडलं ते कुणाला ठाऊक नाही,” काका म्हणाले. “तुला काही येतं?”

मी म्हणालो, “एकच येतं. आमच्या गावाकडचं.”

“मग उभा काय राहिलास? घे स्टिक.”

मी जुळवलं, ‘१९४८ : हैदराबाद संस्थान शरण. मराठवाडा मुक्त.’ दोन ओळी झाल्या. भोक अजून बरंच होतं.

“आणखी काय झालं त्या दिवशी?”

“माझा बाप पेवातून बाहेर आला.”

“पेव म्हणजे रे काय?”

मी जुळवता जुळवता सांगितलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. त्या संस्थानचे हत्यारबंद रझाकार गावात शिरायचे तेव्हा आजोबा पोरांना पेवात उतरवून वर कडबा टाकायचे. बाप सांगतो, पेवातला अंधार ज्वारीच्या वासाचा असतो. राज्य गेल्याची बातमी आली, तेव्हा त्याला वर काढलं आणि उजेडानं त्याचे डोळे दुखले.

काकांनी उरलेलं भोक बोटांनी मोजलं. मग म्हणाले, “डोळ्यांचं पण जुळव. तेवढ्यात चौकट भरेल.”

चौकट भरली. गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते अंक हातात घेऊनच.

“हे कोण पेवात बसलं होतं?”

“माझे वडील, अण्णा.”

“दिनविशेष म्हणजे जगाचा इतिहास! तुझ्या घरच्या गोष्टी सांगायची जागा आहे ती? उचल तुझी वळकटी.”

मी माळ्याच्या शिडीकडे वळलो. काका मशीनमागून हात पुसत आले.

“त्याला का बोलता? जुळवणारा सांगितलं ते जुळवतो. मी सांगितलं.”

“तुम्ही? तुम्हाला कळत नाही?”

“कळतं ना. म्हणून तर भोक छापलं नाही. वळकटी उचलायची तर माझी पण उचला. ती मिऱ्याला आहे, कुणाला तरी पाठवावं लागेल.”

अण्णा हसले नाहीत. पण त्यांनी जानव्याची किल्ली सोडली आणि फाइल काढली. गेल्या वर्षीच्या चौकटीत अमेरिकेची राज्यघटना होती, पोलंडमध्ये शिरलेलं रशियाचं सैन्य होतं, इजिप्त-इस्रायलचा करार होता. आमचं काही नव्हतं. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“हे राहिलंच की,” ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नवी चौकट जुळव. पोलंडखाली तुमची एक ओळ टाक. एकच. पेव नको.”

दिवाळीनंतर मी कायम झालो.

ती चौकट आता फळीवर आहे आणि दर सप्टेंबरात मीच उतरवतो. पोलंड कुठे आहे मला माहीत नाही. चौकटीत त्याच्या आणि आमच्या मधे फक्त शिशाची एक पातळ पट्टी आहे. मला घरी जायला तीन गाड्या बदलाव्या लागतात, आणि त्या तारखेला रजा अजून एकदाही मिळालेली नाही. या धंद्यातल्या नवख्यांना माझं सांगणं एवढंच, की दोऱ्याला खळ लावू नका, मेण लावा. उंदीर मेण खात नाहीत.

काका कधी घाट चढून वर गेलेले नाहीत. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, “तुमच्याकडे समुद्र नाही, मग माणसं संध्याकाळी बघतात तरी काय?” म्हटलं, दाखवीन एकदा. एका सतरा सप्टेंबरला त्यांना घेऊन जाईन. सकाळी झेंडा, दुपारी पेव, आणि संध्याकाळी त्यांना शेताच्या बांधावर बसवीन, ज्वारीकडे तोंड करून.