पंख्यांवरचं नाव

मे महिन्यातला रविवार, चाळीस हजारांचे सोळा पंखे, हजर आम्ही दीडशे माणसं आणि एक फोटोग्राफर. एका कारखानदार कुटुंबाच्या ट्रस्टने आमच्या चर्चला पंखे दिले होते. पात्यापात्यावर त्यांचं नाव.

"पंखे बंद करा," ट्रस्टचे मॅनेजर म्हणाले. "फिरताना नाव वाचता येत नाही."

"मग कायमचेच बंद ठेवा की!" मागून रूथमावशी म्हणाल्या. लोक हसले, पण पाळकसाहेबांनी बटणं बंद केली. याच ट्रस्टने विद्यापीठाच्या अभ्यासिकेतही असंच केलं होतं. तिथे पोरांनी घाम पुसत टाळ्या वाजवल्या होत्या.

माझं डोकं तापलं. आपल्या घरच्या भांड्यांवरही नावं असतात. पण तहानलेल्या पाहुण्याला, आधी नाव वाच आणि मग पाणी पी, असं कोणी सांगत नाही. ज्याला दिलं त्याच्याकडे बघायचंच नसेल, तर ते देणं कसलं?

फोटो अर्धा तास चालले. माझी ऐंशी वर्षांची आई बाकावरच कलंडली, तेव्हा कुठे पंखे सुरू झाले.

फोटोग्राफरचे दोन हजार चर्चने दिले. आईच्या सलाईनचे नऊशे मी दवाखान्यात भरले.